वही मिटा, गुरुजी

प्रश्न : माझा नातू नऊ वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी शिकवणीच्या सरांनी त्याच्यावर अत्याचार केला. पोक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली) केस आहे, फिर्याद सुनेनं दिली. आता समन्स आलं आहे आणि तीन आठवड्यांनी त्याची साक्ष आहे. मी ३५ वर्षं प्राथमिक शिक्षक होतो, म्हणून तयारी माझ्याकडे घेतली. दोषारोपपत्राच्या प्रतीतला त्याचा जबाब वाचून ४० प्रश्न काढले, वहीत लिहिले आणि रोज संध्याकाळी त्याला विचारतो. आधी सांगायचा, आता गप्प बसतो. परवा वही बघूनच पोट दुखतं म्हणाला. सून म्हणते बंद करा. मुलगा म्हणतो, तयारी नसेल तर समोरचा वकील पोराला दोन मिनिटांत आडवा करेल. कोर्टात नोकरी केलेले एक शेजारी सांगतात की एका शब्दाचा फरक पडला तरी आरोपी सुटतो. नातवाला त्या माणसाचं तोंड बघावं लागेल का? त्याच्याजवळ कोणाला बसता येतं? आणि त्या दिवशी सकाळी शेवटची उजळणी घ्यावी का?
– एक आजोबा

नमस्कार गुरुजी,

आधी वही मिटा. बाकीचं सावकाश बोलू.

तुमची माया मला पत्रातूनच दिसते आहे, त्यामुळे हे कडू लागलं तर समजून घ्या. सूनबाईंचं बरोबर आहे. एक तर पोराचं पोट दुखतंय, ते नाटक नाही. नऊ वर्षांचं मूल ‘मला हे पुन्हा आठवायचं नाही’ असं सांगू शकत नाही, त्याचं पोटच ते सांगतं. दुसरं म्हणजे ही तयारी केसलाच मारक आहे. उलटतपासणीत लहान मुलाला हमखास विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘हे सगळं तुला कोणी सांगायला सांगितलं?’ आणि त्याच्या पाठोपाठ, ‘घरी कोणी प्रश्न-उत्तरं करून घेतली का?’ तुमचा नातू खरं बोलणारा असेल तर म्हणेल, ‘आजोबांनी. रोज. वहीतून.’ झालं! पढवलेला साक्षीदार हा बचाव पक्षाचा आवडता मुद्दा, आणि तो तुम्ही घरी बसून त्यांच्या हाती दिलात.

कायदा मुलावर अविश्वास दाखवत नाही. एकट्या मुलाची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते, हे आपल्या न्यायालयांनी कितीदा तरी सांगितलं आहे. न्यायाधीश डोळ्यांत तेल घालून बघतात ते हेच, की हे मुलाचं स्वतःचं बोलणं आहे की कोणीतरी भरवलेलं. खरं सांगणारं मूल कसं सांगतं हे तुम्ही वर्गात हजारदा ऐकलंय. ते मधूनच सुरू करतं. तारीख सांगत नाही, पण पंखा कुरकुरत होता ते सांगतं. वाक्य अर्धवट सोडून पायाच्या अंगठ्याकडे बघतं. ४० प्रश्न वीस-पंचवीस संध्याकाळी घोटले की हे खाचखळगे बुजतात, आणि ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो तो त्या खाचखळग्यांमुळेच.

आता त्या वहीचं काय करायचं? फाडू नका, जाळू नका, लपवू नका. सरकारी वकिलांना भेटा आणि सरळ सांगा की अमुक दिवस मी असे प्रश्न विचारले, आता थांबवलं आहे. ते ओरडतील. ओरडू द्या, पण त्यांना आज कळणं हे उलटतपासणीत कळण्यापेक्षा कितीतरी बरं. नातवालाही सांगा, ‘मी तुला प्रश्न विचारत होतो ते माझं चुकलं. आता नाही विचारणार. कोणी विचारलं, आजोबा प्रश्न विचारायचे का, तर हो म्हणून सांग, मी रागावणार नाही.’ वहीची गोष्ट लपवायला सांगितलीत तर ते पोर तिथे दोन ओझी घेऊन उभं राहील.

शेजाऱ्यांचं एका शब्दाचं म्हणणं मनावर घेऊ नका. साडेसात वर्षांच्या मुलानं पोलिसांना जे सांगितलं आणि नऊ वर्षांचं तेच मूल कोर्टात जे सांगतं त्यात फरक पडणारच, शब्द तर बदलतीलच. किरकोळ विसंगती आणि मुळावर येणारी विसंगती वेगळी, हे न्यायाधीशांना कळतं. जुना जबाब त्याला वाचून दाखवायचा का, कधी, किती, हे सरकारी वकिलांनी ठरवायचं. घरी नाही.

मग तयारी करायचीच नाही का? भरपूर करायची. ती त्या खोलीची करायची, उत्तरांची नाही.

मी बरीच वर्षं मुलांबरोबर कोर्टात जाते. एका मुलीला घरच्यांनी प्रेमानं सांगितलं होतं, ‘पिंजऱ्यात उभं राहायचं आणि खरं बोलायचं.’ आपण मोठी माणसं साक्षीदाराच्या जागेला सर्रास पिंजरा म्हणतो. ती रात्रभर झोपली नाही. सकाळी मला विचारलं, ‘मी काय केलं म्हणून मला पिंजऱ्यात?’ तिच्या डोळ्यांसमोर गजांचा, कुलपाचा पिंजरा होता. तेव्हापासून मी तो शब्दच टाकला. ‘बोलायची जागा’ म्हणते. तुमच्या घरात ‘केस’, ‘तारीख’, ‘आरोपी’, ‘जामीन’ हे शब्द दीड वर्ष फिरत असतील. एकदा नातवालाच विचारा की त्याला त्यांचा अर्थ काय वाटतो. काय काय निघेल बघा.

सरकारी वकिलांकडे किंवा कोर्टातल्या पैरवी अधिकाऱ्याकडे (खटल्याचं काम बघणाऱ्या पोलिसाकडे) विनंती करा, की साक्षीच्या आधी एकदा रिकामी खोली दाखवा. कामकाज संपल्यावर बहुतेक ठिकाणी दाखवतात. न्यायाधीश कुठे बसतात, टाइप करणारे कुठे, दार कुठे, स्वच्छतागृह कुठे. त्याला त्या खुर्चीवर बसू द्या. पाय जमिनीला टेकतात का बघा, लोंबकळत असतील तर पायाखाली काहीतरी मागून घ्या. हसू नका, तासभर पाय लोंबकळत ठेवून मोठ्या माणसालाही बोलणं सुचत नाही.

बोलण्याची लयही त्याला आधी कळू द्या. तिथे संवाद होत नाही. प्रश्न येतो, उत्तर जातं, मग न्यायाधीश तेच उत्तर पुस्तकी भाषेत मोठ्यानं सांगतात आणि टाइप होतं. मूल म्हणतं, ‘मी नाही बोललो तसं.’ टाइप होतं, ‘असे म्हणणे खरे नाही की...’ आपलंच वाक्य अनोळखी होऊन परत आलेलं ऐकलं की मुलं गोंधळतात, आपण चुकलो वाटून उत्तर बदलतात. म्हणून सांगून ठेवा, ‘जज तुझं बोलणं लिहून घेताना पुन्हा म्हणतील. ते बरोबर असेल तर ठीक. तू म्हणालास त्यापेक्षा वेगळं लिहिलं गेलं वाटलं तर तिथेच सांगायचं.’

आता तुमच्या मास्तरकीचा खरा उपयोग. मराठीत नकारार्थी प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की घोटाळा होतो. ‘तू तेव्हा ओरडला नाहीस?’ मूल म्हणतं, ‘हो.’ म्हणजे काय? ओरडला, की हो, नाही ओरडला? त्यात शेवटी ‘हो ना?’ लावलं की पोर मान डोलावतं आणि मोकळं होतं. याचा सराव घरी करायला हरकत नाही, पण घटनेवर एक अक्षर न बोलता. ‘काल तू अंघोळ केली नाहीस, हो ना?’, ‘शाळेत जाताना तू लाल दप्तर नेलं नव्हतंस ना?’ असं विचारा आणि पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं एवढाच खेळ ठेवा. ‘नाही, मी अंघोळ केली होती.’ मुद्दाम चुकीचं बोला, त्यानं तुम्हाला दुरुस्त करू दे. ‘तुझी बहीण आज शाळेत गेली नाही ना?’ त्याला बहीणच नसेल तर ‘मला बहीण नाही’ हे म्हणता आलं पाहिजे. मोठ्या माणसाला, तेही काळा कोट घातलेल्या, ‘तुम्ही चुकताय’ असं म्हणणं आपल्या मुलांना कोणी शिकवलेलंच नसतं. तुम्ही शिकवा.

आणि ‘माहीत नाही’, ‘आठवत नाही’, ‘प्रश्न कळला नाही’ ही तिन्ही उत्तरं पूर्ण मार्कांची आहेत हे तुमच्याच तोंडून त्याला कळू द्या. वर्गात कोरी जागा सोडली की शून्य, हे त्याच्या हाडीमासी आहे. मग ते मूल ‘किती वाजले होते?’ला काहीतरी वेळ ठोकून देतं आणि पुढची दहा मिनिटं त्या वेळेवर जातात. तिन्हींचा फरकही दाखवा. कधी माहीतच नव्हतं ते वेगळं, माहीत होतं पण विसरलं ते वेगळं.

उलटतपासणीच्या शेवटी वकिलाकडून येईल, ‘तू खोटं बोलतोयस. आईच्या सांगण्यावरून बोलतोयस.’ मोठ्यांना ठाऊक असतं की हे कामाचा भाग म्हणून विचारावंच लागतं. मुलाला वाटतं, सगळ्यांसमोर मला खोटारडा म्हणाले. याबद्दल आधी एवढंच सांगा, की त्या काकांचं कामच तसं विचारायचं आहे, त्यांनी विचारलं म्हणून तू खोटा ठरत नाहीस. काय उत्तर द्यायचं ते सांगू नका.

कायद्यानं या खोलीसाठी बरंच काही दिलं आहे, मागितलं तर मिळतं. पोक्सो कायदा २०१२ चा. त्याच्या कलम ३३ प्रमाणे वकिलांनी प्रश्न न्यायाधीशांना सांगायचे आणि मुलाला ते न्यायाधीशांनी विचारायचे. आक्रमक प्रश्न, चारित्र्यावर शिंतोडे यांना बंदी. हवी तेव्हा विश्रांती, आणि साक्षीसाठी मुलाला पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही. सुनावणी इन कॅमेरा, म्हणजे बाहेरची माणसं आत नाहीत. (कॅमेरा शब्द ऐकून मुलांना शूटिंग वाटतं, तेही सांगा.) नातू १२ वर्षांच्या आतला आहे. खरं बोलायचं असतं एवढं त्याला कळतं, पण शपथ म्हणजे काय ते कळत नाही, असं न्यायाधीशांना वाटलं तर १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे शपथेवाचूनही साक्ष घेता येते. नाव, शाळा, खरं म्हणजे काय, खोटं म्हणजे काय असं ते आधी विचारतील. न्यायालयानं गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी असंही कायद्यात लिहिलंय. तुम्हाला दीड वर्ष लागलं. यावर मी काही बोलत नाही.

त्या माणसाचं तोंड बघावं लागेल का? कलम ३६ म्हणतं, साक्ष देताना मूल आरोपीच्या समोर येता कामा नये. त्यासाठी पडदा, एकाच बाजूनं दिसणारी काच किंवा व्हिडिओ कॉन्फरन्सिंग. पण आरोपीला मुलाचं बोलणं ऐकू आलं पाहिजे आणि स्वतःच्या वकिलाशी बोलता आलं पाहिजे, हेही त्याच कलमात आहे. म्हणून ‘तो तिथे नसेल’ असं नातवाला सांगू नका. ‘तो पलीकडे असेल, ऐकेल, पण तुला दिसणार नाही, तुझ्याजवळ येऊ शकणार नाही’ असं सांगा. खरं सांगायला चाललेल्या पोराला आपणच खोटं सांगून कसं चालेल? ओळख पटवायची वेळ आली तर ती कशी घेणार, हे सरकारी वकिलांना आधी विचारून ठेवा.

मात्र पडदा खोलीत असतो, व्हरांड्यात नसतो. मी ज्या मुलांची वाचा बसलेली पाहिली, त्यातल्या बऱ्याच जणांची ती व्हरांड्यातच बसली. आरोपी जामिनावर असेल तर तोही त्याच बाकावर पुकाऱ्याची वाट बघत असतो, सोबत त्याची आई, भाऊ, बायको. कोणी काही बोलत नाही, नुसतं बघतात. जिन्यात, पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीपाशी. म्हणून आठवडाभर आधी विचारा. मुलांसाठी वेगळी बसायची खोली आहे का, वेगळं दार आहे का, आत नेण्याच्या क्षणापर्यंत बाहेर थांबता येईल का. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, अशा साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष केंद्रं उभारायला सांगितलं. तुमच्या न्यायालयात ते केंद्र असेल तर साक्ष तिथेच व्हावी असा अर्ज सरकारी वकिलांना करायला सांगा. साक्षीच्या दिवशी पुकारा झाल्यावर मागण्यात अर्थ नसतो.

जवळ कोण बसणार, हा प्रश्न तुम्ही विचारलात खरा, पण त्यामागे ‘मीच बसणार ना?’ असं मला ऐकू आलं. मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे तो नातेवाईक किंवा मित्र बसू शकतो. सूनबाई फिर्यादी, म्हणजे त्या स्वतः साक्षीदार. त्यांची साक्ष आधी होणार की नंतर, आणि त्या बसल्या तर बचाव पक्ष हरकत घेईल का, हे सरकारी वकिलांशी बोलून ठरवा. तुमचं नाव साक्षीदारांच्या यादीत नसेल तर तुम्हाला अडचण कमी. पण गुरुजी, दोन गोष्टी. ३५ वर्षं बरोबर उत्तर आलं की तुमची मान हलत आली आहे. तिथे ती हलली तर बचावाचे वकील उभे राहतील. मान, भुवया, हात, सगळं गप्प ठेवून तासभर बसता येईल का, हे स्वतःला विचारा.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. त्याला तिथे शरीराच्या अवयवांची नावं घ्यावी लागतील. ‘तिथे’ म्हटलं तर ‘तिथे म्हणजे कुठे?’ हे विचारलं जाणारच. ज्या घरात ते शब्द तोंडात आले की मार बसतो, त्या घरातल्या आजोबांसमोर ते पोर बोलेल का? घरात तो जो शब्द वापरतो तोच चालेल, शास्त्रीय नाव शिकवू नका. तो शब्द काय आहे ते सरकारी वकिलांना आधी कळवून ठेवा. आणि त्याला सांगा, ‘त्या खोलीत कुठलाही शब्द बोललास तरी तो घाण नाही.’ हे तुमच्याच तोंडून यायला हवं. मग विचारा, ‘जवळ कोण हवं?’ त्यानं मावशीचं किंवा शेजारच्या ताईचं नाव घेतलं तर वाईट वाटून घेऊ नका. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणूनही तो तसं म्हणत असेल.

नात्यातलं कोणीच नको असेल तर बालकल्याण समितीकडे सहाय्यक व्यक्ती मागा. २०२० च्या पोक्सो नियमांत ती तरतूद आहे, आणि तपासापासून खटल्यापर्यंत साथ देणं हेच तिचं काम आहे. एव्हाना नेमली गेली असेल आणि फिरकत नसेल, तर समितीला लेखी कळवा. स्वतःचा वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं, १५१०० वर फोन करा. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आहेच. अंतरिम नुकसानभरपाईसाठी निकालापर्यंत थांबावं लागत नाही, तेही वकिलांना विचारा.

तारखेबद्दल त्याला आत्ताच रोज आठवण देऊ नका. आठ दिवस आधी सांगितलं तरी पुरे. आणि दोन शब्द कटाक्षानं टाळा, ‘शेवटचं’ आणि ‘नक्की’. न्यायाधीश रजेवर असतात, बचावाचा वकील मुदत मागतो, आधीची साक्ष लांबते. ‘आज झालं नाही तर पुन्हा जाऊ’ हे आधीच सांगितलेलं असलं की पोर कोसळत नाही. ‘तू नीट बोललास की त्याला शिक्षा होईल’ हेही नको, उद्या तो सुटला तर दोष हे पोर स्वतःला देईल. ‘नीट बोललास तर सायकल’ तर मुळीच नको. सायकल द्यायचीच असेल तर पुढच्या महिन्यात द्या, दुसऱ्या कशासाठी तरी. रडू आलं तर काय, याची भीती तुम्हाला असेल. रडू दे. पाणी मागता येतं, थांबता येतं. फक्त थांबायचं कसं हे आधी ठरवा. हात वर करायचा, किंवा ‘मला थांबायचंय’ असं म्हणायचं. दोन्ही त्याला शाळेत जमतंच.

त्या दिवशी सकाळी उजळणी नाही. त्याला त्याच्या आवडीचे, रोजच्या वापरातले कपडे घालू द्या, इस्त्रीचे, टोचणारे नवीन नकोत. पोटभर खाऊ घाला. रंगखडू, कोडी, गोष्टीचं पुस्तक बरोबर घ्या, कारण अकराला बोलावलं तरी पुकारा तीनला होऊ शकतो. येताना ‘काय विचारलं? काय सांगितलंस?’ हे रिक्षात कोणी विचारायचं नाही, तुमच्या मुलानंही नाही. तो आपणहून बोलला तर ऐका.

आणि शाळेत रजेचा अर्ज द्याल त्यात ‘घरगुती कारण’ एवढंच लिहा. समन्सची प्रत जोडू नका.